मुलांसह पहिली परदेशवारी: सिंगापूरच्या पाच दिवसांची आखणी

लहान मुलांना घेऊन पहिल्यांदाच परदेशात जायचे ठरवणाऱ्या कुटुंबाने एकच शहर निवडावे, तिथे चार रात्री राहावे आणि ते शहर शक्यतो सिंगापूर असावे, असे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. मुंबईहून थेट विमानाने ते सुमारे साडेपाच तासांवर आहे, घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अडीच तास पुढे आहे, नळाचे पाणी निर्धास्त पिता येते, शाकाहारी जेवण शोधावे लागत नाही आणि बाबागाडी शहरभर फिरवता येते. ही सगळी सोय असूनही तिथून थकून, चिडून परतलेली कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि बहुतेकांची चूक एकच होती. त्यांनी आखणी स्थळांच्या यादीवरून केली होती, मुलांच्या झोपेवरून आणि भुकेवरून केली नव्हती. आमच्या पहिल्या सहलीत आम्हीही तेच केले. तेव्हा धाकटी चार वर्षांची होती आणि थोरला नऊ वर्षांचा.

पहिली पायरी: कधी जायचे

विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम एका अंशावर असल्यामुळे सिंगापुरात आपल्यासारखे ऋतू नाहीत. वर्षभर दुपारी तापमान ३१-३२ अंशांपर्यंत जाते, हवा दमट असते आणि दुपारनंतर विजांसह एखादी जोरदार सर येऊन जाते. नोव्हेंबर ते जानेवारी पाऊस अधिक असतो, म्हणून दिवाळीच्या सुटीत जाणाऱ्यांनी छत्र्या आणि बंदिस्त स्थळांचा पर्याय हाताशी ठेवावा. आपल्याकडची एप्रिल-मेची सुटी सोयीची असते, कारण तिथल्या शाळांची मधली मोठी सुटी जूनमध्ये येते आणि तोवर स्थानिक मुलांची गर्दी नसते. चिनी नववर्षाच्या दोन दिवसांत अनेक दुकाने आणि खानावळी बंद असतात. फॉर्म्युला वन शर्यतीच्या आठवड्यात मरिना बे भागातले रस्ते अडवलेले असतात आणि हॉटेलांचे दर चढतात, तेव्हा तोही आठवडा टाळावा.

वाराचाही विचार करावा. लहान मुलांना ज्या दोन बालोद्यानांत सर्वांत जास्त रमताना मी पाहिले, ती दोन्ही (बोटॅनिक गार्डन्समधले आणि गार्डन्स बाय द बेमधले; त्यांच्याविषयी सहाव्या पायरीत) सोमवारी बंद असतात. त्यामुळे सोमवार प्राणिसंग्रहालयासाठी ठेवावा.

दुसरी पायरी: कागदपत्रे

प्रत्येकाचा, अगदी तान्ह्या बाळाचाही, स्वतंत्र पासपोर्ट लागतो. आपल्याकडे १८ वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांसाठी किंवा १८ पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर वैध असतो. त्यामुळे आईवडिलांचा पासपोर्ट बघून निर्धास्त राहिलेल्या घरात मुलाचा पासपोर्ट संपत आल्याचे ऐन वेळी लक्षात येते. सिंगापूरसाठी प्रवासाच्या दिवसापासून पुढे किमान सहा महिन्यांची वैधता हवी. मुलाच्या पासपोर्टच्या अर्जाला आई आणि वडील दोघांच्या सहीचे संमतिपत्र जोडावे लागते आणि चार वर्षांखालील मूल असेल तर पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो घरूनच न्यावा लागतो.

भारतीय नागरिकांना सिंगापूरचा व्हिसा आधी काढावा लागतो. तो अधिकृत व्हिसा एजंटांमार्फत मिळतो आणि ई-व्हिसाच्या रूपात हाती येतो. सरकारी शुल्क माणशी ३० सिंगापूर डॉलर असून ते परत मिळत नाही. एजंटाचे शुल्क त्यावर वेगळे असते. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, अलीकडेच काढलेला आणि पांढऱ्या पार्श्वभूमीचा लागतो. मुलांचा चेहरा झपाट्याने बदलत असल्याने शाळेच्या ओळखपत्रासाठी काढलेला जुना फोटो वापरू नये.

व्हिसाखेरीज एसजी अरायव्हल कार्ड नावाचा ऑनलाइन अर्ज प्रत्येक प्रवाशासाठी भरावा लागतो. तो पोहोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत भरायचा असतो आणि पूर्णपणे मोफत असतो. याच अर्जासाठी पैसे मागणारी, सरकारी असल्याचा भास निर्माण करणारी संकेतस्थळे आहेत, म्हणून तो सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा ॲपवरच भरावा. आई किंवा वडील यांपैकी एकानेच मुलांना नेत असल्यास दुसऱ्याचे सहीचे संमतिपत्र आणि मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत सोबत असू द्यावी.

तिसरी पायरी: विमान आणि पहिली सकाळ

मुंबईहून रात्री उशिरा निघून सकाळी सात-आठच्या सुमारास पोहोचवणारे विमान अनेकांना आवडते, कारण त्यात दिवस वाया जात नाही असे वाटते. मुलांच्या बाबतीत हा हिशोब बरोबर येत नाही. तिथले सकाळचे सात म्हणजे आपले पहाटेचे साडेचार. मूल चार तासही नीट झोपलेले नसते आणि हॉटेलची खोली मात्र दुपारी दोन-तीनला मिळते. आमच्या त्या पहिल्या सकाळी हॉटेलच्या प्रतीक्षागृहातल्या सोफ्यावर धाकटी माझ्या मांडीवर झोपली आणि आम्ही दोघे पाळीपाळीने सामान सांभाळत दुपारपर्यंत बसून राहिलो. दिवस वाचवायला गेलो आणि तोच दिवस हातचा गेला.

यावर दोन उपाय आहेत. दिवसाचे विमान मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊनही ते घ्यावे आणि रात्री थेट झोपायला जावे. रात्रीचेच विमान घ्यावे लागले, तर आदल्या रात्रीपासूनची खोली आरक्षित करून हॉटेलला तसे लेखी कळवावे. एका रात्रीचे भाडे जास्त पडते खरे, पण पाच वर्षांखालील मूल असेल तर तो खर्च मी डोळे मिटून करते.

दोन वर्षांखालील बाळाला वेगळे आसन न घेता कमी दरात नेता येते, मात्र परतीच्या दिवशीही त्याचे वय दोनपेक्षा कमी असावे लागते. हवेच्या दाबामुळे कान दुखू नयेत यासाठी विमान वर चढताना आणि उतरताना बाळाला दूध किंवा पाणी द्यावे, मोठ्यांना चघळायला गोळी द्यावी. पॉवर बँक नेहमी हातसामानात ठेवावी; ती मोठ्या बॅगेत चालत नाही.

चौथी पायरी: मुक्काम

अनेक मराठी कुटुंबे स्वयंपाकघर असलेला फ्लॅट काही रात्रींसाठी भाड्याने घेण्याचा विचार करतात. सिंगापुरात खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भाड्याने देणे बेकायदेशीर आहे, त्यामुळे इंटरनेटवर असा फ्लॅट दिसला तरी त्या वाटेला जाऊ नये. हॉटेलच घ्यावे आणि आरक्षण करताना मुलांची संख्या व वये खरी लिहावीत. तिथल्या बऱ्याच खोल्या लहान असतात आणि दोन मोठे व एक मूल इतक्यांनाच परवानगी देतात. चौघांसाठी फॅमिली रूम किंवा एकमेकींना आतून जोडलेल्या दोन खोल्या मागाव्या लागतात.

जागा निवडताना मी तीन गोष्टी पाहते: मेट्रोचे स्थानक पाच मिनिटांच्या चालीवर आहे का, जवळ मुलांना चालेल असे जेवण आहे का, आणि हॉटेलात पोहण्याचा तलाव आहे का. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी लिटल इंडिया आणि त्याला लागून असलेला फॅरर पार्क हा परिसर मला सर्वांत सोयीचा वाटतो. लिटल इंडिया स्थानकावर दोन मेट्रोमार्ग मिळतात. डाउनटाउन मार्गाने एका दिशेला बेफ्रंट, म्हणजे गार्डन्स बाय द बे हे खाडीकाठचे मोठे उद्यान, चौथ्या स्थानकावर आहे. उलट दिशेला बोटॅनिक गार्डन्स तिसऱ्या स्थानकावर आहे. नॉर्थ ईस्ट मार्गाने सेंटोसा बेटाकडे जाण्यासाठीचे हार्बरफ्रंट स्थानक येते. ही तिन्ही ठिकाणे गाडी न बदलता गाठता येतात, आणि पेंगुळलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन परतताना गाडी बदलावी न लागणे किती मोलाचे असते हे अनुभवानेच कळते. मुलांसाठीचा चोवीस तास आपत्कालीन विभाग असलेले केके हे सरकारी रुग्णालयही याच स्थानकाजवळ आहे. रविवारी संध्याकाळी हा परिसर गजबजून जातो, कारण आठवडाभर बांधकामांवर राबणारे आपल्या उपखंडातले हजारो कामगार सुटीच्या दिवशी इथेच एकमेकांना भेटतात. त्या वेळी बाबागाडी घेऊन सेरांगून रस्त्यावर न गेलेले बरे.

पाचवी पायरी: घड्याळ समजून घ्या

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानते. अडीच तासांचा फरक मोठा नाही, पण मुलाचे शरीर तो लगेच स्वीकारतही नाही. तेव्हा मुलाला स्थानिक वेळेवर ओढत आणण्याऐवजी त्याच्या शरीरातल्या भारतीय घड्याळाचा उपयोग करून घ्यावा. रोज सकाळी सातला उठणारे मूल तिथे साडेनऊला उठेल, आणि रात्री नऊला झोपणारे मूल तिथल्या साडेअकरापर्यंत टवटवीत राहील. याचा अर्थ, सकाळी आठला प्रवेशद्वारावर उभे राहण्याचा बेत कोसळणार. उलट इतर देशांत जे रात्रीचे कार्यक्रम लहान मुलांसह जमत नाहीत, ते इथे सहज जमतील. गार्डन्स बाय द बेमधल्या महावृक्षांचा, म्हणजे झाडांच्या आकाराच्या उंच मनोऱ्यांचा, प्रकाश आणि संगीताचा खेळ रोज संध्याकाळी पावणेआठ आणि पावणेनऊ वाजता असतो. पावणेआठ म्हणजे आपले सव्वापाच. मूल अगदी ताजेतवाने असते.

दुसरीकडे, उन्हाचे घड्याळ स्थानिकच असते. बारा ते चार या वेळेत उघड्यावर फिरणे मोठ्यांनाही जड जाते. ही दोन घड्याळे एकावर एक ठेवली की दिवसाचा आराखडा आपोआप तयार होतो. उठून आवरले की साडेदहाच्या सुमारास बाहेर पडावे, एकच मोठे ठिकाण पाहावे, साडेबारा-एकला जेवून खोलीवर परतावे. दुपारी मुलांना झोपू द्यावे किंवा तलावात डुंबू द्यावे. साडेचार-पाचला पुन्हा निघावे आणि संध्याकाळ मोकळ्या जागेत घालवावी. पूर्ण दिवस लागणारे ठिकाण पाच दिवसांत एकच ठेवावे आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ रिकामी सोडावी.

सहावी पायरी: काय पाहायचे आणि काय सोडायचे

पोहोचल्याच्या दिवशी तिकिटाचे काहीच ठेवू नये. झोप झाल्यावर संध्याकाळी बेफ्रंटला जावे. गार्डन्स बाय द बेमधला महावृक्षांचा परिसर आणि तो प्रकाशाचा खेळ विनामूल्य आहे. गवतावर किंवा कट्ट्यावर पाठ टेकून वर पाहत बसले की मुलांना हवे ते सगळे मिळते. तिथल्या क्लाउड फॉरेस्ट या थंड काचघरात ३५ मीटर उंचीचा धबधबा आहे. त्याला तिकीट लागते, पण ते काचघर दुपारच्या उन्हातून किंवा पावसातून सुटका म्हणून फार उपयोगी पडते, म्हणून वेगळ्या दिवसासाठी राखून ठेवावे.

दुसऱ्या दिवशी बोटॅनिक गार्डन्स. १८५९ साली स्थापन झालेले हे उद्यान २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, पण मुलांसाठी त्याचे महत्त्व वेगळे आहे. स्थानकापासून जवळच त्याच्या आत जेकब बॅलस बालोद्यान आहे. तिथे प्रवेश मोफत आहे आणि मुलांशिवाय आलेल्या मोठ्या माणसांना आत सोडत नाहीत. वाळू, पाणी, झाडावरची घरे, घसरगुंड्या यांत तीन तास कसे जातात ते कळत नाही. बदलायचे कपडे आणि पंचा सोबत हवाच. गार्डन्स बाय द बेमध्येही असेच पाण्याच्या कारंज्यांचे मोफत बालोद्यान आहे. मुले आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत ही दोन ठिकाणे महागड्या तिकिटांपेक्षा मला जास्त मोलाची वाटतात.

तिसरा दिवस मंडाई येथील प्राणिसंग्रहालयाचा. १९७३ साली उघडलेले हे प्राणिसंग्रहालय गजांच्या पिंजऱ्यांऐवजी खंदक आणि झाडीने आखलेले आहे, त्यामुळे ओरांगउटान डोक्यावरच्या फांद्यांतून जाताना दिसतात. शहराच्या उत्तर टोकाला असल्याने मेट्रो आणि पुढे बस असा प्रवास करावा लागतो. एका वाटेला तास धरावा. त्याच परिसरात नदीकाठचे प्राणी आणि पांडा दाखवणारे रिव्हर वंडर्स, २०२३ मध्ये सुरू झालेले बर्ड पॅराडाइज आणि १९९४ पासूनची नाइट सफारी आहे. एकत्रित तिकीट स्वस्त पडते म्हणून सगळे एकाच दिवशी करण्याचा मोह होतो, आणि तिथेच घात होतो. सकाळी प्राणिसंग्रहालय आणि रात्री नाइट सफारी हा बेत सहा वर्षांखालील मुलासह करू नये. सव्वासातला उघडणाऱ्या सफारीपर्यंत मूल दमून गेलेले असते आणि अंधारातले प्राणी पाहण्यासाठी लागणारा संयम त्याच्याकडे उरलेला नसतो. रात्रीची सफारी करायचीच असेल तर त्या दिवशी दुपार खोलीत घालवून थेट संध्याकाळीच तिकडे जावे.

चौथा दिवस सेंटोसा बेटाचा. हार्बरफ्रंट स्थानकावरच्या व्हिवोसिटी मॉलमधून बेटावर मोनोरेल जाते. तिला जाताना तिकीट लागते, परतताना नाही. पायी जाण्यासाठी पूलही आहे आणि बेटावरच्या बसगाड्या मोफत आहेत. इथला खरा निर्णय युनिव्हर्सल स्टुडिओचा असतो. तिथल्या अनेक मोठ्या खेळांना उंचीची अट असते, म्हणून तिकीट काढण्याआधी मुलांची उंची घरी मोजावी आणि अधिकृत संकेतस्थळावर प्रत्येक खेळाची अट पाहावी. एक मूल आत आणि दुसरे बाहेर रडत उभे, असे होऊ शकते. आमच्या घरात हेच झाले असते. मोजमाप केल्यावर आम्ही थोरल्याला घेऊन एकाने जायचे आणि धाकटीला दुसऱ्याने समुद्रकिनाऱ्यावर न्यायचे असे ठरवले, आणि तो सगळ्यांचाच आवडता दिवस ठरला. मर्लायनचा (सिंहाचे डोके आणि माशाचे धड असलेला) पुतळा, खरेदी आणि चायनाटाउन यांपैकी जे वाटेत येईल ते पाहावे. त्यासाठी स्वतंत्र अर्धा दिवस राखू नये.

सातवी पायरी: शहरातला प्रवास

मेट्रो आणि बस दोन्हींत संपर्करहित बँक कार्ड चालते, मात्र परदेशी कार्डावर थोडे अतिरिक्त शुल्क लागते. चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा कार्ड टेकवावे लागते. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. प्रत्येकाचे कार्ड वेगळे हवे. ०.९ मीटरपेक्षा कमी उंचीचे मूल मोठ्यांसोबत विनामूल्य जाते. प्रत्येक स्थानकावर लिफ्ट आहे आणि बसमध्ये बाबागाडी न मिटता नेता येते. मेट्रोत खाण्यापिण्यावर बंदी आहे आणि दंड ५०० डॉलरपर्यंत होऊ शकतो, त्यामुळे बिस्किटाचा पुडा गाडीत शिरण्याआधीच आत ठेवावा. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरची पुढची आसने मुलांना द्यावीत; शहर दाखवण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

टॅक्सीबद्दल एक बारकावा आहे. १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत बालआसन सक्तीचे आहे; रस्त्यावरच्या टॅक्सींना यातून सूट आहे, पण ॲपवरून येणाऱ्या खासगी गाड्यांना नाही. त्यामुळे ॲपवर गाडी मागवताना टॅक्सी किंवा बालआसन असलेली गाडी असा पर्याय निवडावा, नाहीतर चालक मुलांना पाहून नकार देतो.

मेट्रोत चढताना ताटातूट झाली तर काय करायचे, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे: जो फलाटावर राहिला त्याने तिथेच थांबायचे, जो गाडीत गेला त्याने पुढच्या स्थानकावर उतरून थांबायचे. प्रत्येक मुलाच्या खिशात हॉटेलचे नाव आणि आपला मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी.

आठवी पायरी: खाणेपिणे आणि सामान

लिटल इंडियात १९४७ पासून चालत आलेले कोमला विलास आणि १९२४ चे आनंद भवन ही शुद्ध शाकाहारी उपाहारगृहे आहेत, जिथे इडली, डोसा आणि दहीभात मिळतो. हॉकर सेंटर म्हणजे अनेक लहान गाळे असलेली खाद्यगृहे स्वस्त आणि स्वच्छ असतात; तिथे जेवण झाल्यावर ताट उचलून ठरलेल्या जागी ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. प्राटा हा आपल्या पराठ्याच्या जवळचा पदार्थ मुलांना हमखास आवडतो, मात्र सोबतची आमटी माशाची किंवा मटणाची असू शकते, म्हणून डाळ मागावी. भाजीच्या पदार्थातही कोळंबीची चटणी किंवा ऑयस्टर सॉस असतो. फक्त ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही, काय काय नको ते स्पष्ट सांगावे लागते. उपाहारगृहातल्या दरावर बऱ्याचदा १० टक्के सेवाशुल्क आणि ९ टक्के जीएसटी वेगळा लागतो.

खोलीतल्या किटलीत होणारे तयार उपमा-पोह्यांचे पुडे, मेतकूट, थेपले एवढे घरून न्यावे. पण एका गोष्टीविषयी मी कळकळीने सांगते: खसखस नेऊ नये. सिंगापुरात खसखस प्रतिबंधित आहे, आणि आपल्या अनारशांवर, काही लाडवांत आणि मसाल्यांत ती असते. आजीने प्रेमाने दिलेला डबा उघडून, विचारून मगच बॅगेत ठेवावा. च्युइंगगम आणि ई-सिगारेटही नेता येत नाही. मुलांची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ वेष्टनात न्यावीत. कोडीन असलेले खोकल्याचे औषध घरीच ठेवावे.

कपडे सुती आणि हलके हवेत, पण प्रत्येक मुलासाठी एक पातळ स्वेटर हवाच, कारण घामेजलेले मूल मॉलच्या किंवा बसच्या गार हवेत शिरले की गारठते. डेंग्यू तिथेही असल्याने डास पळवणारे मलम लावावे. आपला प्लग तिथे बसत नाही. तीन चौकोनी पिनांचा ॲडॅप्टर लागतो.

नववी पायरी: पैसे आणि विमा

फॉरेक्स कार्ड, एक पर्यायी कार्ड आणि थोडी रोकड पुरेशी होते. कार्ड वापरताना यंत्राने ‘रुपयांत की डॉलरमध्ये’ असे विचारले तर सिंगापूर डॉलर निवडावे, रुपयांचा दर तोट्याचा असतो. परदेशी नागरिकांना तिथले उपचार महाग पडतात, म्हणून प्रवास विमा मुलांसह सर्वांचा घ्यावा आणि पॉलिसीचा क्रमांक दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवावा. रुग्णवाहिकेसाठी ९९५ आणि पोलिसांसाठी ९९९ हे क्रमांक आहेत.

परतीचा दिवस

चांगी विमानतळाला लागून २०१९ मध्ये उघडलेल्या ज्युएल या इमारतीत ४० मीटर उंचीचा, छतातून कोसळणारा धबधबा आहे. तो पोहोचल्याच्या सकाळी पाहण्याचा बेत करू नये, कारण पहाटे पाणी सुरू नसते आणि मुले झोपेत असतात. परतीचे विमान रात्रीचे असेल तर संध्याकाळी चार-पाचलाच विमानतळावर जावे, नियमांत बसत असल्यास सामान लवकर सोपवावे आणि हातात फक्त एक पिशवी घेऊन ज्युएलमध्ये शिरावे. इमिग्रेशनच्या आधीच हा भाग येत असल्याने तिकीट लागत नाही. मुलांचे जेवण तिथेच उरकावे, तोंड-हात धुऊन त्यांना झोपायचे कपडे घालावेत आणि मगच आत जावे. विमानाची चाके जमिनीवरून उचलली जाईपर्यंत ती झोपलेली असतात.